दोन रविवारांच्या मधे

तिला थोरली म्हणायला लागले तेव्हा ती स्वतःच अजून शाळेत होती. आई गेली, धाकटा भाऊ तेव्हा दुसरीत, आणि वडील, आबा, छापखान्यात मुद्रितं तपासायला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची नजर इतकी शिणून जायची की घरातल्या गोष्टी बघायला ती उरायचीच नाही. मग डबे, वह्या, ताप, परीक्षा हे सगळं थोरलीच्या गळ्यात पडलं आणि तिच्या खऱ्या नावाला गंज चढला. पुढे पस्तिशीला टेकल्यावर ती विद्यापीठात शिकायला गेली, तेव्हा वर्गातल्या पोरांनीही दोन दिवसांत तिला थोरलीच करून टाकलं. काही माणसांच्या कपाळावर लिहिलेलंच असतं म्हणतात, ते असं.

मधली वर्षं तिने विमा कंपनीत काढली, दाव्यांच्या टेबलावर. त्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाचं कोणीतरी नुकतंच गेलेलं असायचं. थोरली कागद तपासायची, तारखा जुळवायची, समोरचा रडायला लागला की पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची. गणितात ती पहिल्यापासून हुशार, पण घरातून पाय निघत नसेल तर हुशारी काय चाटायची आहे? धाकटा वायरमन झाला, हाताला काम लागलं, आणि एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, आता इकडचं मी बघतो. तू जा शिकायला." थोरलीने नाना सबबी सांगितल्या. त्याने परस्पर चौकशी करून ठेवली होती, प्रवेशाची तारीखसुद्धा त्याला पाठ होती. शेवटी विषय निघाला तो वित्तीय गणिताचा, म्हणजे बाजारातल्या जोखमींची किंमत संगणकाने काढायची. धाकट्याला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. "जोखीम ना? मग तुला जमेल," एवढंच तो म्हणाला.

विद्यापीठ गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिला चष्म्याच्या दुकानावरची एक खोली मिळाली आणि रविवारी सकाळी अकराला घरी फोन, असा शिरस्ता पडला. फोन धाकटा उचलायचा. "सगळं ठीक. तू अभ्यास कर," हे त्याचं पहिलं वाक्य, आणि त्यानंतर अर्धा तास तिची टिंगल. एकदा तिने खोलीतली ट्यूब फडफडते म्हणून तक्रार केली. तर म्हणाला, "सगळ्याच फडफडतात गं. सेकंदाला शंभरदा विझतात आणि पेटतात. तुला दिसत नाही एवढंच." थोरलीला ते फार गमतीचं वाटलं. पुढे कितीतरी दिवस ती ट्यूबकडे टक लावून बघायची, पण एकदाही ती विझताना सापडली नाही.

पहिलं वर्ष संपता संपता, एका गुरुवारी, एका शाळेच्या सभागृहात दिवे बसवताना धाकटा शिडीवरून पडला आणि गेला. शिडी मजबूत होती, खाली फरशी होती. त्याला वर असतानाच फिट आली होती. थोरली पोचली तेव्हा त्याचा कामावरचा जोडीदार दाराबाहेर पायऱ्यांवर बसून होता. तो मान वर न करता म्हणाला, "याआधी दोनदा आली होती, ताई. कामावरच. घरी सांगू नको म्हणाला. ताई शिक्षण सोडून येईल म्हणाला."

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरली एकच गोष्ट सांगत राहिली, की रविवारी तर तो ठीक होता. लोक मान हलवायचे. त्यांना वाटायचं ही दुःखाने तेच तेच बोलते आहे. तसं नव्हतं. दाव्यांच्या टेबलावर जन्म गेलेली बाई होती ती. तिला पुरावा मिळत नव्हता. धाकटा खोटं बोलला होता का? नाही. रविवारी त्याला खरंच काही झालेलं नसायचं. पोरगा खोटं न बोलता तिच्या डोळ्यांदेखत निसटला होता.

आबांनी तिला परत पाठवलं. त्याची एवढीच इच्छा होती, ती मोडू नकोस म्हणाले. पुढच्या रविवारी अकराला थोरलीने सवयीने फोन लावला आणि लावल्यावर तिच्या लक्षात आलं की आता उचलणार कोण. फोन उचलला गेला. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग आबांचा आवाज, "सगळं ठीक. तू अभ्यास कर." शब्द तेच, त्याच क्रमाने. तिला विचारायचं होतं, आबा, तुम्ही असं का बोलताय. पण तिने मूग गिळले, आणि तेव्हापासून दर रविवारी ती एका माणसाला फोन करायची आणि दुसऱ्याचं वाक्य ऐकायची.

त्यानंतर ती घरी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा पहाटेच्या गाडीने गेली आणि दुपारच्या गाडीने परतली. त्या घरात रात्र काढायची तिच्यात हिंमत नव्हती, आणि आबांनीही राहा असा आग्रह केला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. मार्गदर्शक बाईंचं नाव पोरांनी कात्री ठेवलं होतं, कारण विद्यार्थ्याने दहा पानं नेली की दोन परत यायची. बाई वयाने बऱ्याच, आवाज बारीक, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची वाईट खोड. त्यांनी थोरलीला विषय दिला तो असा. बाजारात माणसं पैजा लावतात आणि त्या पैजांना पोशाखी नावं देतात. त्यातली एक पैज: वर्षअखेर अमुक शेअर वर गेला तर फायदा तुझा. पण वर्षभरात एकदा, एका क्षणासाठी जरी भाव ठरलेल्या रेषेखाली उतरला, तर करार तिथेच मेला. नंतर भाव आभाळाला टेकला तरी काही मिळायचं नाही. अशा कराराची आज किंमत किती धरायची, हे थोरलीने संगणकाकडून काढायचं होतं.

काढायची रीतही सांगायला सोपी. संगणकाला भावाच्या हजारो काल्पनिक वाटा आखायला लावायच्या. प्रत्येक वाट वर्षभर चालते, फासे पडतील तशी वर-खाली होते. जी रेषेखाली गेली ती मेली, जी शेवटपर्यंत पोचली तिचा फायदा मोजायचा आणि सगळ्याची सरासरी घ्यायची. यात एक सोय असते. यंत्राचे फासे खरे फासे नसतात. सुरुवातीला त्याला एक आकडा द्यायचा, आणि तोच आकडा पुन्हा दिला की पुन्हा त्याच वाटा, वळणासकट. चुका शोधायला हे बरं पडतं म्हणून सगळेच आकडा एकच ठेवतात. थोरलीनेही ठेवला. आकडा निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांनी धाकट्याची जन्मतारीख टाकली. तिने ती बदलली नाही.

वाटा पडद्यावर उमटायच्या तेव्हा विस्कटलेल्या लोकरीसारख्या दिसायच्या. त्यातली एक तिच्या डोळ्यांत भरली, चारशे बारावी. ती सुरुवातीला मजेत वर चढायची, मग वर्षाच्या मध्यानंतर घसरत घसरत रेषेच्या इतकी जवळ यायची की थोरलीचा श्वास अडकायचा. काही आठवडे रेषेला खेटून काढायची आणि मग उठायची, अशी उठायची की वर्षअखेर ती सगळ्यांत वरच्या वाटांमध्ये असायची. थोरली रोज सकाळी विभागातल्या संगणकाच्या खोलीत गेली की आधी तिला बघायची. प्रोग्राम पुन्हा चालवला की चारशे बारावी पुन्हा जन्माला यायची, पुन्हा पडता पडता वाचायची. शेजारच्या मुलाने एकदा विचारलं, थोरली, या एकाच रेघेत तुमचं काय अडकलंय? ती म्हणाली, तपासते आहे.

तुम्ही म्हणाल बाईच्या डोक्यावर परिणाम झाला होता. झालाच होता. पण कामात ती कुठे चुकत नव्हती, आणि जोवर काम चुकत नाही तोवर माणसाला कोणी वेडं म्हणत नाही.

मग कात्रीबाईंनी तिचे आकडे तपासले. त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुझ्या वाटा फार जगतात."

थोरलीला समजेना. बाईंनी विचारलं, तू भाव कितीदा बघतेस? आठवड्यातून एकदा, ती म्हणाली. आठवड्याचं एक पाऊल, प्रत्येक पावलाला रेषेच्या वर की खाली एवढं बघायचं. बाई म्हणाल्या, करारात काय लिहिलंय? वर्षभरात कोणत्याही क्षणी. मग या आठवड्याला वर आहे, पुढच्या आठवड्याला वर आहे, म्हणून तू त्याला जिवंत धरलंस. मधे?

कात्रीबाईंना थोरलीच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या गणिताबद्दल बोलत होत्या. थोरली मात्र खुर्चीवर बसल्या जागी गार पडली. बाई शांतपणे सांगत होत्या की ही चूक पहिल्यांदा सगळेच करतात. दोन्ही टोकांना भाव रेषेच्या वर असला तरी मधल्या काळात तो खाली जाऊन आला असण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता मोजायचं सूत्र आहे. टोकं रेषेच्या जितकी जवळ आणि मधलं अंतर जितकं लांब, तितकी ती जास्त. प्रत्येक आठवड्यासाठी ती काढायची, फासा टाकायचा, आणि फासा सांगेल त्या वाटा मेलेल्या धरायच्या, दिसायला धडधाकट असल्या तरी. एवढं घाल, पुढचं प्रकरण मग बघू. सगळी मिळून पाच-सहा ओळींची दुरुस्ती होती.

थोरलीने ती केली नाही. आज करते, उद्या करते म्हणत ती भलतीकडेच शिरली. तिने आधी पावलं बारीक केली, आठवड्याऐवजी रोज बघायचं. किंमत जरा खाली आली, पण बरोबर आकड्यापासून लांबच. मग तासातासाला. यंत्र रडायला लागलं, एकेका उत्तराला अर्धा दिवस, आणि तरी फरक होताच. कितीही वेळा बघा, दोन बघण्यांच्या मधे फट राहते, आणि ती फट फार सावकाश बुजते. शिवाय आणखी एक झालं. पावलं बदलल्यावर फासे वेगळे पडले आणि सगळ्या वाटाच बदलल्या. चारशे बाराव्या जागी कोणी परकीच वाट आली, सपाट, निरुपद्रवी, कधी रेषेच्या जवळही न फिरकणारी. थोरली त्या दिवशी उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने सगळं पूर्ववत केलं आणि आठवड्याच्या पावलावर परत आली.

घरच्या फोनचंही तिने तसंच चालवलं होतं. रविवारचा फोन रोजचा झाला, रोजचा दिवसातून दोनदा. आबा वैतागले. "अगं, मी काय दूध आहे का उतू जायला?" ते म्हणाले. थोरली हसली आणि संध्याकाळी पुन्हा फोन केला. प्रत्येक वेळी उत्तर तेच, सगळं ठीक, तू अभ्यास कर. रस्त्याने जाताना तिला मागून धाकट्याची हाक ऐकू यायची. विभागाच्या बोळात दुरुस्तीवाल्याची शिडी भिंतीला टेकलेली असायची. तिच्याखालून जायला लागू नये म्हणून ती दुसऱ्या जिन्याने फिरून यायची. खोलीतली ट्यूब तिने लावायचीच बंद केली. हातदिव्यावर वाचायची, कारण ट्यूबकडे बघितलं की आता तिला ती विझलेलीच दिसायची.

शेवटी कात्रीबाईंनी तारीख दिली. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती झाली नाही, तर प्रबंध या वर्षी पुढे जाणार नाही म्हणाल्या. आवाज चढवला नाही. थोरलीने ठरवलं, प्रोग्राममध्ये नंतर घालू, आधी एकदा हाताने करून बघू. तिने कागद घेतला, चारशे बारावीचे रेषेला खेटलेले ते आठवडे घेतले, आणि एकेकाची शक्यता काढायला बसली.

सूत्रात आकडे भरता भरता तिला एक गोष्ट दिसली. इतके दिवस ती एवढंच बघत होती की वाट रेषेच्या वर आहे. किती वर आहे, हे तिने कधी बघितलं नव्हतं. आणि सूत्राला तर पहिल्यांदा तेच लागत होतं.

तिने पेन खाली ठेवलं. धाकट्याचे शेवटचे काही फोन तिला आठवले. ठीक तो तेव्हाही म्हणत होता, पण अर्ध्या तासाची टिंगल पाव तासावर आली होती, नंतर दोन-चार वाक्यांवर. शेवटच्या रविवारी त्याने तिची मुळीच चेष्टा केली नव्हती. तिने त्या दिवशी मनात म्हटलं होतं, पोरगं शहाणं झालं. आणि आबा? आबांनी दुधाचा विनोद केला, त्याला किती दिवस झाले? हल्ली ते वाक्य संपलं की फोन ठेवायचे. वाक्य संपायच्या आतसुद्धा.

पुढचे आकडे तिने भरलेच नाहीत. दिवस बुधवार होता. बुधवारी तिने कधी घर बघितलं नव्हतं. ती दुपारची गाडी पकडून निघाली, आणि फोन केला नाही.

पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या आणि मधोमध त्यांचं घर तेवढं काळं. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते तिने आयुष्यभर म्हण म्हणून ऐकलं होतं. वायरमनच्या घरात एक दिवा नव्हता. तिला वाटलं आबा बाहेर गेले असतील. मग वाटलं, आबा गेले. तिने दार वाजवलं.

आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग पाय ओढत येणारी पावलं. दार उघडलं. आबांच्या हातात बॅटरी होती, तीही मिणमिणती.

"आज काय वार आहे?" आबांनी विचारलं. ती आली याचं आश्चर्य नाही, आनंद नाही. त्यांना आधी आपलाच वार चुकला असं वाटलं होतं.

तिने बटणं दाबून बघितली. बाहेरची खोली, आतली, स्वयंपाकघर. काहीच लागलं नाही. वीज होती, बल्ब उडाले होते. धाकटा गेल्यापासून एकेक करून सगळे उडाले आणि आबांनी एकही बदलला नव्हता. घर जुन्या धाटणीचं, छत उंच, शिडीशिवाय हात पोचायचा नाही. आणि शिडी दाराआड होती, धाकट्याचीच, घरातली. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा आबांनी मुलगी येणार आहे म्हणून सांगितलं होतं. रविवारी अकराला घरात भरपूर उजेड असतो. तेव्हा सगळं ठीकच असायचं.

बॅटरीच्या उजेडात तिने त्यांच्या नडग्या बघितल्या. कुठे खरचटलेलं, कुठे काळंनिळं. चुलीजवळ सकाळचंच भांडं, तेही अर्धं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, या घराण्याने ती मूठ इतकी आवळून धरली होती की बोटं मोडायची वेळ आली होती.

थोरली बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब आणले आणि दाराआडची शिडी ओढून बाहेरच्या खोलीत मधोमध उभी केली. आबा मागे सरकले आणि भिंतीला टेकले. तू चढू नकोस म्हणाले. ती म्हणाली, मग धरा.

आबांनी शिडी धरली. थोरली चढली. वर अंधार जास्तच होता. तिने हात वर करून जुना बल्ब चाचपला, फिरवून काढला, खिशात टाकला. या शिडीला तिने इतक्या दिवसांत हात लावला नव्हता. नवा बल्ब लावायला ती हात उचलते आहे तेवढ्यात खालून आबांचा आवाज आला.

"इथंच पडला होता तो," आबा म्हणाले. "तू पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा. एका बुधवारी."

थोरलीचा हात तसाच वर राहिला.

"कामावर नाही. इथं. माझ्यासमोर," आबा म्हणाले. अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणूनच ते बोलत होते. "उठल्यावर म्हणाला, ताईला सांगू नका. ती येईल. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तो खरंच ठीक होता गं. मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, आता ठीक आहे तर कशाला. मी खोटं नाही बोललो."

तिला राग आला. साधा नाही, असा की बल्ब हातात फुटेल असं वाटलं. इतकी वर्षं याच माणसाने दुसऱ्यांची एकेक चूक लाल शाईने दाखवली, आणि ही एक पोटात ठेवून तिला अभ्यासाला पाठवलं. तिला खाली उडी मारून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. "मला सांगितलं असतंत तर," एवढं वाक्य तिने तोंडापर्यंत आणलंही. पण तेवढ्यात तिला पायाखाली शिडी थरथरताना जाणवली. शिडी घट्ट होती. थरथरत होते ते शिडी धरलेले आबांचे हात. धाकटा गेला त्या गुरुवारपासून ते असेच थरथरत असणार, आणि ती फोनवर त्यांना रोज दोनदा विचारत होती, कसे आहात.

"आबा," ती म्हणाली, "सोडू नका."

तिने बल्ब लावला. आबांनी डोळे मिटून घेतले. उजेडात ते फार म्हातारे दिसत होते, रविवारच्या आवाजापेक्षा कितीतरी म्हातारे. ती हळूहळू खाली उतरली आणि बाप-लेक शिडीच्या दोन बाजूंना उभे राहून रडले. धाकटा गेल्यापासून दोघं एकत्र रडले नव्हते.

सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ती दुरुस्ती लिहिली. आबा समोर चहा घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, हे काय करतेस. तिने सांगितलं, की ज्या वाटा दर आठवड्याला ठीक दिसतात, त्यातल्या काही मधेच पडलेल्या असतात, त्या शोधते आहे. आबांनी कप खाली ठेवला. सापडतात का, त्यांनी विचारलं. नक्की कोणती ते नाही कळत, थोरली म्हणाली. पण काही पडलेल्या असणार, हे धरून चालता येतं.

तिने प्रोग्राम चालवला. आकडा तोच, धाकट्याचा; दुरुस्तीचे फासे वेगळे ठेवले होते, म्हणून वाटाही त्याच. पडद्यावर लोकर उलगडत गेली. चारशे बारावी वर चढली, घसरली, रेषेला खेटली, आणि दोन आठवड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत तुटली. पुढे काही नव्हतं. थोरली त्या तुटलेल्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिली. तिने आकडा बदलला नाही, पुन्हा चालवूनही बघितलं नाही. खालची किंमत तिने उतरवून घेतली. ती आता बरोबर आली होती.

कात्रीबाईंनी आकडे बघून मान डोलावली आणि इतके दिवस का लावलेस म्हणून विचारलं. थोरलीने प्रोग्राममधली चूक शोधत होते असं काहीतरी सांगितलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, की पावलं आणखी बारीक करून भागलं नसतं का. ती म्हणाली, नाही सर, जास्त वेळा बघून ते सुटत नाही. न बघितलेलंही हिशेबात धरावं लागतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. प्रबंध पास झाला, ठीकठाक श्रेणीत. त्यावर कोणी पेढे वाटले नाहीत.

आबांकडे आता ती महिन्यातून दोनदा जाते, वार न ठरवता, आणि रात्रभर राहते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, शेजारच्या मुलीकडे किल्ली आहे. रोज दोनदा फोन करणं तिने सोडून दिलं. रविवारचा मात्र चालू आहे, अकराचाच. परवाच्या रविवारी तिने लावला तेव्हा चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत ट्यूब लागलेली होती.

"सगळं ठीक," आबा म्हणाले. मग थांबले. थोरलीने पुढचं वाक्य यायची वाट बघितली, अभ्यासाचं. ते आलं नाही.

"मंगळवारी जरा तोल गेला होता," आबा म्हणाले. "मोरीत. फार नाही लागलं."

थोरली पलंगावर बसली. "सांगा," ती म्हणाली.